चौदा नंबरमध्ये कोण राहतं

१

दारावरची घंटा वाजवली की आतून येणारा पहिला आवाज मी कान देऊन ऐकते. अकरा वर्षं हेच काम करतेय, त्यामुळे सवयच झाली आहे. जे खरंच तिथं राहतात ते आतूनच ओरडतात, "आले, आले, जरा दम धरा!" टीव्हीचा आवाज कमी होतो, कुत्रा भुंकतो, कुणीतरी कुणालातरी "तू जा ना" म्हणतं. जे राहत नसतात त्यांच्या घरात घंटेनंतर सगळं गप्प होतं.

आमच्या संस्थेची या वेल्श दरीत नऊशे घरं आहेत. गरजू माणसांना ती कमी भाड्यानं दिली जातात. माझं काम म्हणजे न कळवता जायचं आणि कागदावर ज्याचं नाव आहे तोच माणूस घरात राहतो का ते बघायचं. कुणी घर आपल्या नावावर ठेवून स्वतः स्पेनमध्ये उन्हात बसलेला असतो आणि इथं पोटभाडेकरू ठेवलेला असतो. कुणी आई गेल्याचं दोन-दोन वर्षं कळवत नाही. इकडे चारशे कुटुंबं यादीत वाट बघत असतात. काही तर एका खोलीत तीन-तीन पोरं घेऊन. म्हणून हे काम मला कधी क्षुल्लक वाटलं नाही.

पण हातात फॉर्म घेऊन दारात उभं राहिलं की खरी माणसंसुद्धा घाबरतात. सत्तरीच्या बायका घाईघाईनं कपाटं उघडून कागद शोधायला लागतात. मग मला राहवत नाही. "बँकेचं एक पत्र दाखवलंत की झालं," "औषधाची चिठ्ठीसुद्धा चालेल हो," असं मी सांगून टाकते. आमचा साहेब गेथिन माझ्या मुलाच्या वयाचा आहे. तो म्हणतो, "ऐर्लिस, तू परीक्षा घ्यायला जातेस की शिकवणी घ्यायला?"

मी सोळाव्या वर्षी शाळा सोडलेली. शिकवणीचं नाव काढलं की मला हसूच येतं.

चौदा नंबरमध्ये मी पहिल्यांदा गेले ते दोन वर्षांपूर्वी, मार्च महिन्यात. ऑल्वेन प्रिचर्ड, वय बहात्तर, एकटी, अडतीस वर्षं त्याच घरात. घंटा वाजवली. आतून काहीच आवाज आला नाही आणि दार लगेच उघडलं.

फाइलमधला फोटो आणि समोरचा चेहरा एकच होता. पांढरे केस, हिरवा स्वेटर, डाव्या भुवईजवळ तीळ. घर स्वच्छ होतं, पण वापरलेलं वाटत नव्हतं. न्हाणीघरात दात घासायचा ब्रश नाही, कुठं एक पत्र नाही, पलंगावरच्या चादरीवर दुकानातल्या घडीच्या रेघा तशाच. इतर कुणाच्या घरात हे दिसलं असतं तर मी लाल शेरा मारला असता. पण ज्यांचं घर त्या समोर उभ्या होत्या, मग आणखी काय हवं?

"काय कमी आहे?" त्यांनी विचारलं.

इतक्या अजिजीनं विचारलं की माझं काळीज हललं. एकट्या माणसाचं असंच होतं, मला वाटलं. स्वतःसाठी काही करावंसं वाटत नाही. मी त्यांच्याजवळ बसून एकेक गोष्ट सांगितली. ब्रश असावा. टेबलावर पत्रं असावीत. पलंगाशी सपाता असाव्यात. मोरीत एखादा चहाचा मग असावा. त्या माझ्या तोंडाकडे बघत ऐकत होत्या, डोळ्यांकडे नाही, ओठांकडे. मी 'होय' वर खूण केली आणि निघाले. जिन्याच्या वळणापर्यंत त्या दारात उभ्या राहून मला बघत होत्या.

२

वर्षानं पुन्हा गेले तेव्हा सगळं होतं. ब्रश होता. टेबलावर पत्रांचा गठ्ठा होता. सपाता होत्या. मोरीत मग होता.

मला बरं वाटलं. माझ्या सांगण्यानं एका म्हाताऱ्या बाईनं स्वतःला सावरलं असं वाटलं. मी थट्टेत म्हटलं, "आता फक्त नळ, कपबशी असे घरातले आवाज आणि स्वयंपाकाचा वास हवा बघा. दारातच कांदा परतल्याचा वास आला ना, तर मी फॉर्म न उघडता सही करीन."

त्या हसल्या नाहीत. त्यांनी मान हलवली.

त्या दिवशी एक गोष्ट मात्र डोळ्यांत राहिली. दारापासून स्वयंपाकघरापर्यंत त्या माझ्यापुढे उलट्या पावलांनी चालत गेल्या, तोंड माझ्याकडे करून. कशाला न अडखळता, भिंतीला हात न लावता. जुन्या वळणाची बाई, पाहुण्याकडे पाठ करायची नाही म्हणून असेल, असं मी मनाशी म्हटलं. जिना उतरताना हसूही आलं. वळणावर वर पाहिलं तर त्या दारात होत्याच.

३

या जानेवारीत तक्रार आली ती खालच्या अकरा नंबरमधून. ग्लेनिस हॉपकिन. त्यांना सगळी वसाहत मावशीच म्हणते, मीही. कंबरेचं हाड मोडलं म्हणून जवळजवळ दोन वर्षं त्या मुलीकडे कार्डिफला होत्या आणि शरद ऋतूत परत आल्या होत्या. चॅपलच्या गायनात त्या आणि ऑल्वेन तीस वर्षं शेजारीशेजारी उभ्या राहिलेल्या.

"ये, बस. कोट काढू नकोस, हीटर मेलाय," त्या म्हणाल्या. "आणि आधीच सांगते, माझं डोकं ठिकाणावर आहे. पोरीनं डॉक्टरकडून तपासूनसुद्धा घेतलंय. कागद आहे माझ्याकडे."

"मी कुठं काय म्हटलं, मावशी?"

"तोंडावर लिहिलंय तुझ्या." त्यांनी चहा ओतला. "वर चौदामध्ये जी राहते ती ऑल्वेन नाही."

"चेहरा तर..."

"चेहरा तिचाच आहे. मी कुठं नाही म्हणते? परत आले त्याच दिवशी वेल्श केक भाजले, ताटली घेऊन, ही मोडकी कंबर घेऊन वर गेले. दोन वर्षांनी भेटतोय गं आम्ही! दार उघडलं. मी म्हटलं, 'काय गं म्हातारे, जिवंत आहेस की नाही?' तर ती काय म्हणाली, माहितीये?"

"काय?"

"'काय कमी आहे?'"

मी कप खाली ठेवला; हेच त्यांनी मलाही विचारलं होतं.

"तीन आठवड्यांनी पुन्हा गेले," मावशी म्हणाल्या. "केक तिथंच. त्याच टेबलावर, त्याच ताटलीत, सहाच्या सहा. ऑल्वेनसमोर वेल्श केक तीन मिनिटं टिकले नाहीत कधी. मग पोलिसांत गेले. तिथला पोरगा कॉम्प्युटरमध्ये बघून म्हणतो, 'आजी, त्या बाई हरवलेल्या नाहीत. संस्थेच्या माणसानं दोनदा समक्ष पाहिलंय.' कोण गं तो संस्थेचा माणूस?"

"मीच," मी म्हटलं.

"तुझ्यावर रागवत नाही मी, पोरी," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "पण जोवर तुझा कागद सांगतोय की ऑल्वेन घरी आहे, तोवर तिला कुणी शोधणार नाही. एवढं लक्षात घे."

४

त्याच दिवशी मी वर गेले. घंटा वाजवली. या वेळी आत नळ वाजला, कपबशी वाजली, आणि दार उघडलं.

वास आला. कांद्याचा वास, पण करपलेला, घशात टोचणारा. त्या उलट्या पावलांनी आत गेल्या, मी मागून. शेगडीवर तवा होता आणि तव्यात एक अख्खा कांदा. न सोललेला, न चिरलेला, तेलाचा थेंब नाही. खालची बाजू कोळसा झालेली. बाजूला सुरी नाही, ताट नाही. फडताळ उघडून बघितलं तर मीठसुद्धा नाही.

"मिसेस प्रिचर्ड, जेवायला काय करताय?"

"कांदा परतल्याचा वास," त्या म्हणाल्या.

मी गॅस बंद केला. न्हाणीघरात गेले. ब्रश जागेवर होता, केस न् केस सरळ, वर वर्षभराची धूळ. मोरीतल्या मगात पाणी होतं, आत चहाचा डाग नव्हता. टेबलावरची पत्रं चाळली. सगळी आमच्याच संस्थेची, एकही पाकीट फोडलेलं नाही.

मी स्वतःला समजावलं. विस्मरणाचा आजार असा सुरू होतो. माझ्या आत्यानं चहाची किटली फ्रीजमध्ये ठेवलेली. म्हातारं माणूस अन्नाला विसरतं, मैत्रिणींना विसरतं, माहीत असलेलं एखादं वाक्य धरून बसतं. इथं पोलीस नको, डॉक्टर हवा. हे सगळं खरं असू शकत होतं. 

फॉर्मवर 'समक्ष पाहिलं' एवढीच नोंद करून सही केली आणि त्यांच्याकडे पाठ न करता जिना उतरले. पहिल्या पाच पायऱ्या. मग स्वतःचीच लाज वाटून वळले.

५

"आवाज येतात का वरून?" खाली उतरल्यावर मी मावशींना विचारलं होतं.

"आज तू वर गेलीस तेवढ्यापुरते आले," त्या म्हणाल्या होत्या.

ते वाक्य दोन दिवस डोक्यातून जाईना. तिसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी चॅपलमागे ठेवली, मागच्या गल्लीनं आले आणि मावशींच्या स्वयंपाकघरात बसले. या घरांची जमीन पातळ आहे. वर चमचा पडला तरी खाली कळतं. मी दहापासून बारापर्यंत बसले. वर एक पाऊल वाजलं नाही. नळ नाही, खुर्ची नाही, खोकला नाही. घर रिकामं असलं की पाइपसुद्धा वेगळे वाजतात. ते रिकाम्या घरासारखे वाजत होते.

"बघितलंस?" मावशी ओठांनीच बोलल्या.

"बाहेर गेल्या असतील."

"नोव्हेंबरपासून?"

बारा वाजता मी त्यांना म्हटलं, "तुम्ही वर जाऊन घंटा वाजवा. मी इथं ऐकते."

"मी? या कंबरेनं?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग काठी उचलली. "पडले तर भरपाई तुझ्या साहेबाकडून घेईन."

त्यांची काठी जिन्यावर एकेक पायरी चढत गेली. मी छताकडे बघत उभी राहिले. घंटा वाजली.

आणि वर घर सुरू झालं. नळ सुटला. खुर्ची सरकली. सपाता फरफटल्या. कपबशी वाजली. मी आवाजाच्या खाली जाऊन उभं राहायचं ठरवलं, कुठं नळ, कुठं खुर्ची ते कळावं म्हणून. स्वयंपाकघरात चालत गेले, मग न्हाणीघराशी. तिथं काहीच नव्हतं. मी बाहेरच्या दाराकडे आले आणि मान वर केली.

नळ, खुर्ची, सपाता, कपबशी, सगळे आवाज एकाच जागेवरून येत होते. दाराच्या आतल्या बाजूला, उंबऱ्याशी. पाऊल वाजून कुणी तिथं आलं नव्हतं. सकाळपासून जे काही होतं ते तिथंच उभं होतं.

वर दार उघडलं. मावशींचा आवाज आला, मोठ्यानं, मुद्दाम ठसक्यात, "काही नाही गं, चुकून वाजवली!"

त्या खाली आल्या. मी त्यांना खुर्चीत बसवलं. दाराला आतून कडी घातली.

६

"मी फाइलमध्ये काय लिहू?" गेथिननं विचारलं. "कांदा करपला म्हणून घर काढून घेतलं?"

"थट्टा करू नकोस, गेथिन."

"थट्टा नाही करत." तो खरंच करत नव्हता. त्यानं पेन खाली ठेवलं. "हे बघ. तू 'भाडेकरू राहत नाही' असं लिहिलंस तर मला नोटीस काढावीच लागेल. चार आठवड्यांत घर बंद. ती बाई खरी असली, नुसती आजारी असली, तर फेब्रुवारीच्या थंडीत चौऱ्याहत्तर वर्षांची म्हातारी आपण रस्त्यावर काढली. चाळीस वर्षं राहिलेल्या घरातून. तू झोपशील त्यानंतर?"

"आणि खरी नसली तर?"

"तर कोण आहे?"

 मी म्हटलं, "कोण आहे ते मला लिहायचं नाहीये. फॉर्ममध्ये तसा प्रश्नच नाही. ऑल्वेन प्रिचर्ड आहे की नाही, एवढंच विचारलंय."

"डॉक्टर पाठवू का?"

"डॉक्टर विचारतील काय खाता, कधी झोपता. पुढच्या वेळी ती सगळं बरोबर सांगेल." मी फॉर्मकडे बोट दाखवलं. "तिला जे येतं ते मीच शिकवलंय, गेथिन. दोन वर्षं."

 त्यानं फॉर्म माझ्याकडे सरकवला. "उद्या जा. साक्षीदार घेऊन जा. जे लिहिशील त्यावर मी सही करीन."

७

मावशी म्हणाल्या, "मीच साक्षीदार. दुसरं कोण ओळखतं तिला?"

सकाळचे अकरा वाजले होते, खिडकीतून स्वच्छ ऊन येत होतं. चौदा नंबरमधल्या तिनं दार उघडलं, उलट्या पावलांनी आम्हाला आत नेलं आणि स्वयंपाकघराच्या मधोमध उभी राहिली. मावशी दाराच्या चौकटीला टेकल्या. मी फॉर्म टेबलावर ठेवला.

"ऑल्वेन," मावशी म्हणाल्या, "माझ्या धाकटीचं नाव काय गं? तूच ठेवलंस."

तिनं मावशींच्या ओठांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "काय कमी आहे?"

मी सांगणार नव्हते. रात्रभर स्वतःला बजावलं होतं की हिला आता काही सांगायचं नाही. पण एक गोष्ट बघितल्याशिवाय मला 'नाही' लिहिता येणार नव्हतं. समोर आजारी म्हातारी उभी असण्याची शक्यता अजून मनातून गेली नव्हती. फाइलमधला फोटो समोरून काढलेला होता, खांद्यांपर्यंत. तेवढीच बाई मी आजवर पाहिली होती.

"मिसेस प्रिचर्ड," मी म्हटलं, "जरा मागे वळता का?"

ती हलली नाही. पहिल्यांदाच तिला वेळ लागला. हिरव्या स्वेटरवर ऊन पडलं होतं आणि स्वेटर श्वासानं हलत नव्हता, हे मला तेव्हा दिसलं.

मग ती वळली.

मी दोन क्षण बघितलं असेल, जास्त नाही. स्वेटर कुशीपर्यंत येऊन संपला होता. त्यामागे निळं कापड होतं. एक रुंद, गोल झालेली पाठ, कॉलरखाली काळ्या दोऱ्यानं शिवलेली फाटकी शिवण, मानेवर सैल अंबाडा आणि त्यातून सुटलेली एक करडी बट. डावा खांदा खाली कललेला, जिना उतरताना कलतो तसा. ती जागच्या जागी उभी होती, पण पाठ मात्र निघून चाललेल्या माणसाची होती.

मी ती पाठ ओळखली नाही. कशी ओळखणार?

"ऐर्लिस," मागून मावशी म्हणाल्या, अगदी हळू, "तो तुझा कोट आहे, बाळ. तू आत्ता घातलायस तो."

माझा हात आपोआप मानेवर गेला. बट बोटाला लागली.

"बरोबर आहे?" तिकडून आवाज आला, भिंतीकडे तोंड केलेला.

मी टेबलाशी वाकले.  'भाडेकरू या घरात राहते का' या ओळीपुढं 'नाही' लिहिलं आणि सही केली. मावशींनी काठी काखेत धरून माझ्या सहीखाली त्यांची केली. मग मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. तसा नियम आहे, ज्याच्याबद्दल लिहिलं त्याला वाचून दाखवायचं.

ती वळली नाही. तसंच भिंतीकडे बघत तिनं विचारलं, ऑल्वेनच्या आवाजात, आणि त्यात आता अजिजी नव्हती, खरंच माहीत नसावं तसं विचारलं, "मग मी कुठे आहे?"

आम्ही दोघी मागे मागे सरकत बाहेर आलो.

८

भाडेकरू बेपत्ता, म्हणून नोटिशीची वाट न बघता गेथिन दुसऱ्याच दिवशी कुलूपवाल्याला आणि पोलिसांना घेऊन गेला. घरात कुणी नव्हतं. दाराच्या आत, उंबऱ्याशी, गालिचा दोन पावलांएवढ्या जागेत झिजून खालची फळी दिसत होती, असं तो म्हणाला. त्यापुढं मी त्याला विचारलं नाही.

ऑल्वेन प्रिचर्ड हरवल्याची नोंद त्याच दुपारी झाली. मावशींच्या स्वयंपाकघरात एक पोलीसबाई येऊन बसली. शांत होती, वहीत सुबक अक्षरात लिहीत होती. तिनं संस्थेची फाइल मागवून घेतली होती. त्यातल्या माझ्या भेटींच्या तारखा तिनं आधीच एकाखाली एक उतरवल्या होत्या. शोध कुठून सुरू करायचा ते शेवटच्या तारखेवर ठरतं, ती म्हणाली.

"मिसेस हॉपकिन, तुम्ही त्यांना शेवटचं कधी पाहिलंत?"

"कार्डिफला निघाले त्या सकाळी," मावशी म्हणाल्या. "माझी बॅग गाडीपर्यंत तिनं उचलली. उचलू नकोस म्हटलं तर म्हणाली, 'तुझ्या हाडापेक्षा हलकी आहे.'" त्या हसल्या आणि मग रडू लागल्या. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

ती सकाळ माझ्या पहिल्या भेटीच्या पाच आठवडे आधीची होती.

"आणि तुम्ही?" पोलीसबाईनं माझ्याकडे वळून विचारलं. "तुमच्या सहीनं इथं ऑल्वेनबाईंना तीन वेळा समक्ष पाहिल्याचं लिहिलंय. यातली शेवटची तारीख धरू ना?"

मी त्या तारखांकडे बघितलं. तिन्ही माझ्याच होत्या.

"नाही," मी म्हटलं. "त्या तिन्ही खोडा. मी त्यांना कधीच पाहिलेलं नाही."

तिनं पेन थांबवलं, माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि एकेक तारीख खोडत गेली. मग वहीची पुढची दोन पानं उलटली, मावशींनी सांगितलेल्या सकाळपाशी आली आणि त्या तारखेखाली दोन रेघा ओढल्या.